साच्याचे अस्तर : घरगुती साबणाच्या इतिहासातील एक राहून गेलेले प्रकरण

मराठी समीक्षेत ‘साचा’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. एखाद्या कादंबरीला ‘साचेबंद’ म्हटले की तिच्याविषयी आणखी काही बोलण्याची गरज उरत नाही, अशी आपली समजूत असते. ज्यांचा साच्याशी रोजचा संबंध येतो त्या कारागिरांना मात्र हा शब्द निंदाव्यंजक वाटत नाही. त्यांना एकच चिंता असते : आत ओतलेली वस्तू न मोडता बाहेर कशी काढायची? या चिंतेतून साचा आणि वस्तू यांच्यामध्ये एक तिसरा पदार्थ येतो. तो म्हणजे अस्तर. ‘अस्तर’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीने कपड्याच्या आतल्या बाजूलाही लावला आणि भिंतीवरच्या चुन्याच्या लेपालाही. दोन्ही ठिकाणी अस्तर झाकलेले तरी असते किंवा झाकणारे तरी असते. त्याच्याकडे मुद्दाम कोणी पाहत नाही.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत (वेल्ह्याला ‘राजगड’ हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली) अलीकडे घरगुती साबणाचे प्रशिक्षणवर्ग बचतगटांतून होतात. त्या निमित्ताने आमच्या हाती काही मराठी माहितीपत्रके आली. तेल किती, कॉस्टिक सोडा किती, पाणी किती, हे सारे त्यांत व्यवस्थित दिलेले असते. पुढे एक वाक्य येते : ‘मिश्रण साच्यात ओतावे.’ साचा कशाचा आणि त्याला आतून काय लावायचे, याबद्दल एक अक्षर नसते. भाषेच्या अभ्यासकाला असे मौन अर्थपूर्ण वाटणे साहजिक आहे. म्हणून या मौनाचा थोडा इतिहास तपासावा, असे आम्हांला वाटले.

आरंभ शब्दापासून करू. ‘साबण’ हा शब्द अरबी-फारसी ‘साबून’शी नाते सांगतो; पोर्तुगीजांचा ‘सबाँव’ही मुळात त्याच कुळातला. शब्द बाहेरून आला याचा अर्थ स्वच्छता बाहेरून आली असा नाही. रिठा, शिकेकाई, बेसन, मुलतानी माती, कपड्यांसाठी राख आणि सज्जीखार, असा आपला संसार होता. यांपैकी कशालाही साच्याची गरज नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. रिठा झाडावरूनच आपल्या आकारात येतो; शिकेकाईची पूड डब्यात राहते. साच्याचा प्रश्न वडी करायची ठरवल्यावर निर्माण होतो, आणि वडी होण्यासाठी साबण घट्ट असावा लागतो.

घट्टपणाचे मूळ क्षारात आहे. लाकडाच्या राखेत मुख्यतः पोटॅशचा क्षार असतो. राखेच्या पाण्यात चुना मिसळून तीव्र क्षार काढता येतो, पण त्यापासून होणारा साबण मऊ, लगद्यासारखा असतो. तो मडक्यात ठेवायचा. सज्जीत मात्र सोडियमचा क्षार असतो. सज्जीच्या द्रावणात विरलेला चुना टाकला की खडूसारखा गाळ खाली बसतो आणि वर कॉस्टिक सोड्याचे पाणी राहते. यापासून होणारा साबण घट्ट होतो, कापता येतो, दूरच्या बाजारात पाठवता येतो. गुजरातेतील कपडवंज हे गाव कारखानदारीपूर्व काळापासून साबणासाठी प्रसिद्ध होते. सह्याद्रीत चुना होता, राखही होती. अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक आजही दिसते आणि मावळात भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची चाल आहे. परंतु सज्जीची माती हा कोरड्या, खारवट जमिनीचा पदार्थ. मुसळधार पावसाच्या या डोंगराळ मुलखात साबणाची वडी स्वतंत्रपणे का उपजली नाही, याचे एक कारण या भूगोलात असावे, असा आमचा तर्क आहे.

घट्ट साबण जेथे उपजला तेथे अस्तराचा विचारही उपजला. सिरियातील अलेप्पो आणि पॅलेस्टाईनमधील नाब्लुस ही ऑलिव्ह तेलाच्या साबणाची जुनी केंद्रे. दोन्ही ठिकाणच्या साबणविद्येची नोंद युनेस्कोने २०२४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. अलेप्पोत शिजलेला साबण पेटीत ओततच नाहीत. कारखान्याच्या सपाट जमिनीवर मेणकागद अंथरून त्यावर तो पसरतात, थंड झाला की दातेरी अवजार ओढून त्याच्या वड्या पाडतात. येथे साचा म्हणजे जमीन आणि अस्तर म्हणजे कागद. तिसऱ्या कशाची जरूरच नाही. युरोपात पेट्यांचा प्रघात पडला. आधी लाकडाच्या, पुढे एकोणिसाव्या शतकात लोखंडी पत्र्याच्या मोठ्या चौकटी आल्या. त्यांच्या बाजू खिळींनी जोडलेल्या असत आणि साबण घट्ट झाला की त्या सुट्या करून घेता येत. बाजू सुटी होते म्हणून वस्तू सुटते. श्रीमंत कारखान्याने अस्तराचा प्रश्न असा यंत्ररचनेने सोडवला. ज्याच्याकडे अशी चौकट नाही त्याला तो पदार्थाच्या निवडीने सोडवावा लागतो, आणि घरगुती साबणाचे सारे शास्त्र या निवडीत आहे.

हिंदुस्थानात हा कारखान्याचा साबण वडीच्या रूपातच उतरला. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘सनलाइट’च्या पेट्या आल्या, त्यांवर लीव्हर बंधूंचे नाव आणि इंग्लंडचा शिक्का होता. पुढे स्वदेशीच्या चळवळीत साबण हा विषय काच आणि काडेपेटी यांच्या पंक्तीला बसला. आपल्याच जिल्ह्यात तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, तो याच भावनेतून. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास वनस्पती तेलांपासून साबण काढला आणि प्राण्यांच्या चरबीविषयी ज्यांच्या मनात अढी होती त्यांना तो आपला वाटला. लीव्हरनेही १९३४ साली शिवडीला कारखाना घातला. म्हणजे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत स्वदेशी आणि विदेशी हा वाद तेलाचा, भांडवलाचा आणि मालकीचा झाला होता. साबण कसा ओततात हे ग्राहकाला दिसत नव्हते, दिसण्याचे कारणही नव्हते.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हे चित्र काहीसे बदलले. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन अशा उद्योगांकडे प्रयोगशाळेच्या शिस्तीने पाहिले. पुण्यात हातकागदाची संस्था १९४० साली याच प्रेरणेने निघाली. खाद्य तेल खाण्यासाठी राखावे आणि साबण कडुनिंब, करंज, मोह अशा अखाद्य तेलांचा करावा, ही भूमिका ग्रामोद्योगाच्या विचारातून पुढे आली. १९५७ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे काम सुरू झाल्यावर ‘अखाद्य तेल आणि साबण’ हा उद्योगांचा एक स्वतंत्र वर्गच झाला. करंज भोर-वेल्ह्याच्या ओढ्याकाठी भरपूर. त्यामुळे हा विचार येथे परका वाटण्याचे कारण नव्हते. मात्र या विचाराचा सगळा भर कच्च्या मालावर होता. आपले तेल, आपला क्षार, आपले श्रम यांच्या यादीत साच्याच्या अस्तराला स्थान मिळाले नाही. कारण उघड आहे : अस्तर साबणात राहत नाही. काम झाले की ते फेकले जाते, म्हणून हिशेबात येत नाही.

येथे भोरचे नाव धारण करणाऱ्या एका खटल्याची आठवण होते. ‘भोर इंडस्ट्रीज’ ही कंपनी रेक्झिनसारखे प्लास्टिकचे थर दिलेले कापड तयार करी. त्या प्रक्रियेत मध्येच एक कच्ची पीव्हीसी फिल्म तयार होई. तिच्यावर अबकारी कर द्यावा लागेल काय, असा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निर्णय दिला की, जी वस्तू बाजारात विकली जाण्याजोगी आहे असे सिद्ध होत नाही ती करासाठी ‘माल’ ठरत नाही. केवळ ती निर्माण झाली एवढे पुरेसे नाही. निर्णय कराच्या दृष्टीने रास्तच आहे. पण इतिहासलेखनही नकळत हीच कसोटी लावत आले आहे, असे आम्हांला दिसते. जे बाजारात आले त्याचा इतिहास झाला. साबणाचा झाला, त्याच्या वेष्टनाचा झाला, जाहिरातींचाही झाला. मधल्या अवस्थेतील वस्तू मात्र ‘माल’ ठरल्या नाहीत आणि इतिहासातही आल्या नाहीत.

नुकसान कोणाचे झाले, हे पाहण्यासाठी पुन्हा प्रशिक्षणवर्गाकडे यावे लागेल. गुंजवणीच्या खोऱ्यातील एका गावात वर्ग चालू असताना एका वयस्क बाईंनी विचारलेला प्रश्न आम्ही टिपून ठेवला आहे. ‘‘सर, ताटाला तुपाचा हात फिरवला की वडी सुटती. मग साबण का सुटंना?’’ शिकवणाऱ्याने हसून तो प्रश्न बाजूला सारला. वास्तविक त्या वर्गातला तो सर्वांत शास्त्रीय प्रश्न होता.

मराठी स्वयंपाकघर हे अस्तरांचे मोठे भांडार आहे. वडी थापताना ताटाला तूप लावतात. पानगीला केळीचे पान लागते. पातोळ्याला हळदीचे पान. गुऱ्हाळात गुळाची ढेप बादलीसारख्या साच्यात पाडताना आत ओले फडके घालतात. घराबाहेरही हीच जाणीव दिसते : स्लॅब टाकणारा गवंडी सेंट्रिंगच्या फळ्यांना जळके ऑइल फासतो, प्लास्टरच्या साच्यात मूर्ती ओतणारे कारागीर साच्याला साबणाचे पाणी लावतात. म्हणजे दुसऱ्यांच्या साच्यात साबण स्वतः अस्तराचे काम करतो. मग त्याच्या स्वतःच्या साच्याला ही घरची विद्या का लागू पडत नाही?

कारण साबणाचे मिश्रण ओतताना पुरते साबण झालेले नसते. त्यात अजून जिवंत क्षार असतो. ताटाला लावलेले तूप किंवा गोडे तेल त्या क्षाराला सापडले की त्याचेही साबणात रूपांतर होते. वेगळे करण्यासाठी लावलेला थर वडीतच विरघळून जातो आणि वडी ताटाला धरून बसते. व्हॅसलिन किंवा पातळ पॅराफिन हे खनिज पदार्थ आहेत. क्षाराने त्यांचा साबण होत नाही, म्हणून त्यांचा पातळ हात चालतो. ‘तूप’ आणि ‘व्हॅसलिन’ दोन्ही हाताला सारखीच ओशट लागतात. रसायनशास्त्र त्यांना दोन वेगळ्या जातींत बसवते. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते आणि ते मराठीत सहज सांगता आले असते.

हीच कसोटी इतर पदार्थांना लावून पाहू. सागवानी किंवा साध्या लाकडाची पेटी चांगली, कारण ती उष्णता धरून ठेवते. पण लाकूड क्षार शोषते आणि त्यातील टॅनिन क्षाराच्या स्पर्शाने काळपट होऊन वडीच्या कडा डागाळते. टॅनिन म्हणजे काय हे या डोंगरातील लोकांना वेगळे सांगायला नको. येथला हिरडा त्यासाठीच कातडी कमावणाऱ्यांकडे जात आला आहे. लोखंड क्षारात विरघळत नाही, पण गंजते, आणि गंजाचे तांबूस डाग साबणाला लवकर खवट करतात. पत्र्याच्या डब्यावरील जस्ताचा किंवा कथिलाचा मुलामा क्षार खातो. केळीचे पान दिसायला सुंदर. त्याच्या शिरा वडीवर उमटतात. पण पानातील हिरवे द्रव्य क्षारात उतरते आणि पान फाटून तुकडे वडीत अडकतात. फडक्याच्या विणीत मिश्रण शिरून घट्ट बसते; गुळाला जमते ते येथे जमत नाही. वर्तमानपत्राची शाई वडीवर उतरते आणि कागदाचा लगदा होतो. मेणकागद गार, दाट मिश्रणाला चालतो. परंतु ओतल्यानंतर आत प्रक्रिया चालू राहून मिश्रण ७० अंश सेल्सियसच्याही वर तापू शकते आणि पॅराफिन मेण त्याआधीच, साधारण ५० ते ६५ अंशांत, वितळते.

राहिले दोन पदार्थ. एक, बेकरीत वापरतात तो बटर पेपर. त्यातही सिलिकॉनचा थर दिलेला असेल तर उत्तम. दुसरा पदार्थ प्रत्येक घरात रोज येतो आणि रोज फेकला जातो : दुधाची पिशवी. ती पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनवर कॉस्टिक सोड्याचा परिणाम होत नाही. पिशवी कडेने कापून, धुऊन, वाळवून, छापील बाजू पेटीकडे आणि कोरी बाजू साबणाकडे अशी अंथरली की वडी अलगद सुटते. सुरकुत्या मात्र नीट काढाव्या लागतात, कारण प्रत्येक सुरकुती वडीवर रेघ होऊन राहते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत महाराष्ट्राने दुधाच्या जाड पिशव्यांना परतखरेदीच्या अटीवर सवलत दिली होती. त्या पिशवीला पुन्हा एकदा कामाला लावण्याचा हा मार्ग कोणा शासननिर्णयाने सांगितला नाही, घराघरांत तो आपोआप सापडला आहे. रेक्झिनचा तुकडाही क्षाराला टिकतो, परंतु पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य तेलात उतरू शकते. अंगाच्या साबणासाठी तो टाळलेला बरा.

आता ज्या पदार्थासाठी हा लेख लिहिणे आम्हांला आवश्यक वाटले त्याकडे येतो. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात. हलके, स्वस्त, घरोघर असलेले. ‘मिश्रण साच्यात ओतावे’ एवढेच वाक्य हाती असलेली स्त्री साचा म्हणून सर्वांत आधी काय उचलील? जर्मनचे ताट किंवा डबा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो. भांडे तापते, फेस येतो, हायड्रोजन वायू सुटतो. हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे आणि ही क्रिया बहुधा चुलीजवळ चाललेली असते. उसळलेले मिश्रण हातावर किंवा डोळ्यांत उडाले तर इजा गंभीर असते. क्षाराचे पाणी करतानाही जर्मनचे पातेले वापरले तर धोका अधिक, कारण तेथे क्षार तेलाशिवाय, शुद्ध तीव्र स्वरूपात असतो. (सोडा नेहमी पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये, हेही येथे सांगून ठेवतो.) एका वाक्यातील एका गाळलेल्या शब्दाची किंमत ही अशी असते. ती माहितीपत्रक लिहिणारा देत नाही.

नुकसान पैशाचेही आहे. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. अंगाच्या साबणात थोडे तेल मुक्त राहावे म्हणून पाच टक्के कमी, म्हणजे सुमारे १७४ ग्रॅम घेतात. शेंगदाणा तेलाला हाच आकडा १३६ च्या आसपास, एरंडेलाला १२८ च्या आसपास. हे आकडे पत्रकांत असतात. पण एक किलो तेलाचे मिश्रण साधारण १४०० घनसेंटिमीटरच्या पेटीत, म्हणजे २५ लांब, ८ रुंद, ७ उंच अशा मापात बसते आणि तिच्या अस्तराला ३९ गुणिले २२ सेंटिमीटरचा कागद लागतो, हे गणित दिलेले नसते. वडी साच्याला चिकटली तर किलोभर खोबरेलाची रक्कम त्या दिवशी बुडाली. गटातील बाई दुसऱ्यांदा तो प्रयोग करील याची शाश्वती नाही. ‘ग्रामीण स्त्रियांना सातत्य नाही’ असा शेरा मग कुठल्यातरी अहवालात येतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकरणात लक्ष का घालावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा प्रश्न गद्याचा आहे. नागपूरच्या ‘उद्यम’सारख्या मासिकांनी मराठीत व्यवहारोपयोगी गद्याची एक परंपरा उभी केली होती. वस्तू कशी करावी हे नीट सांगणे, ही भाषेची एक कठीण परीक्षा आहे. कवितेत गाळलेला शब्द वाचक आपल्या कल्पनेने भरतो आणि त्यातच तिची गंमत असते. कृतीच्या गद्यात गाळलेला शब्द वाचक आपल्या घरातल्या भांड्याने भरतो. आपल्या अभ्यासक्रमांत ‘व्यावहारिक मराठी’ नावाची एक प्रश्नपत्रिका असते. तिच्यात अर्ज, इतिवृत्त, जाहिरात हे सगळे शिकवले जाते. कृतिलेखन क्वचितच शिकवले जाते, आणि शिकवले तरी कोणी ते लेखन हातात घेऊन प्रत्यक्ष वस्तू करून पाहत नाही.

आमची सूचना साधी आहे. भोर-वेल्ह्यातील आणि इतरत्रच्या मराठी विभागांनी एखाद्या सत्रात विद्यार्थ्यांना आपल्या परिसरातील एखादी कृती तिच्या मधल्या, फेकून देण्याच्या वस्तूंसह लिहावयास सांगावे : हिरडा वाळवणे, राब भाजणे, गूळ पाडणे, साबण ओतणे. लिहिलेला मजकूर ती कृती करणाऱ्या बाईला वाचून दाखवावा आणि तिने जेथे थांबवले तेथे दुरुस्ती करावी. गुण तिच्या थांबवण्यावरून द्यावेत. आणि साबणाच्या पत्रकात, पुढच्या छपाईच्या वेळी, ‘साच्यात’ या शब्दाआधी एवढे घालावे : ‘आतून दुधाची पिशवी किंवा बटर पेपर अंथरलेल्या लाकडी किंवा जाड प्लास्टिकच्या, जर्मनच्या भांड्यात मुळीच नाही.’